नऊ वर्षांची गाडी एक्स्चेंजला द्यावी का? एका घरातला १०० चा हिशोब

केस मावसभावाकडची आहे. घरात दादा, वहिनी आणि नुकतंच लायसन्स हातात पडलेली पुतणी. गाडी एकच, पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, ९ वर्षं जुनी, १ लाख १२ हजार किमी पळालेली, लोन कधीच फिटलेलं. शोरूममधून एक्स्चेंजची ऑफर आली होती आणि दादाचा प्रश्न एका ओळीचा होता, की जुनी देऊन नवी घेऊ का, कारण आता हिच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही असं सगळेच म्हणतायत.

हे "सगळेच म्हणतायत" जरा बाजूला ठेवू. आधी आकडे बघू, आणि ते पैशात नाही देत, कारण प्रत्येकाची गाडी वेगळी आणि किंमत वेगळी. दादाला जी नवी गाडी घ्यायची होती तिची टॅक्स-नोंदणी धरून किंमत १०० धरली आणि बाकी सगळं त्याच मापात मोजलं. असं केलं की मोठ्या रकमा बघून डोकं गरगरत नाही आणि कोण कुणाच्या किती पट आहे ते लगेच दिसतं.

शोरूमची ऑफर: जुन्या गाडीचे १४, वर एक्स्चेंज बोनस ३. दादा १३ रोख भरणार होता, म्हणजे राहिलेल्या ७० चं लोन.

आता जुनी गाडी का द्यायची यावर घरात तीन वेगवेगळी कारणं होती आणि तिन्ही एकमेकांत मिसळून बोललं जात होतं. दादाचं म्हणणं गॅरेजवाल्याने ६ चा खर्च काढलाय. वहिनींचं म्हणणं गाडी भरवशाची राहिली नाही, रात्री रस्त्यात बंद पडली होती. आणि पुतणीचं म्हणणं, एसी. (तिचं कारण सगळ्यात प्रामाणिक होतं असं माझं मत.)

रस्त्यात बंद पडल्याचं आधी घेतो, कारण खरं तर त्या रात्रीमुळेच हे सगळं सुरू झालं. चौकशी केली तर कळलं की गाडी कुठेतरी थांबली होती, परत स्टार्टर मारला तर नुसतं टकटक, लाईट मंद, शेवटी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबल लावून सुरू केली. बॅटरी कधीची? सहा वर्षांची. साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीचं आयुष्य साधारण ३ ते ५ वर्षं असतं, म्हणजे ही बोनसवर चालली होती. मल्टीमीटर लावून बघितलं तर इंजिन चालू असताना १४.१ व्होल्ट, म्हणजे अल्टरनेटर व्यवस्थित चार्ज करतोय, पण रात्रभर उभी ठेवल्यावर जिथे १२.६ च्या आसपास दिसायला हवं तिथे १२ च्याही खाली. बॅटरी गेली होती, बास. नव्या गाडीचीही बॅटरी काही वर्षांनी अशीच जाणार आणि तीही नेमकी रात्रीच जाणार. एका बॅटरीसाठी अख्खी गाडी बदलायची म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

वहिनींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "भावोजी, बॅटरीचं कळलं, पण मनातून ती गाडी उतरली ती उतरलीच." याला उत्तर नाही आणि द्यायलाही जाऊ नये, फक्त हे कारण "भरवसा" या खात्यात न टाकता "मन" या खात्यात टाकावं एवढंच.

मग ६ चा खर्च. गॅरेजचा कागद मागवला. क्लच सेट २.२, एसीची कूलिंग कॉइल १.८, पुढचं सस्पेन्शन म्हणजे लोअर आर्म, बुश, लिंक रॉड आणि शॉकअप मिळून १.४, ब्रेक डिस्क आणि पॅड ०.६. क्लच खरंच गेला होता, चढावर चौथ्या गिअरमध्ये रेस दिली की आरपीएम वर जायचे आणि वेग तिथेच. कॉइलचा खर्च जास्त वाटतो पण ती डॅशबोर्डच्या मागे बसते, अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, त्यामुळे पार्टपेक्षा मजुरीच जड. सस्पेन्शन खड्ड्यात खडखड करत होतं. म्हणजे कागद खोटा नव्हता, पण अपुरा होता. या इंजिनला टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवून ठेवणारा पट्टा) आहे, चेन नाही, आणि मॅन्युअलमध्ये १ लाख किमीला बदला असं स्पष्ट लिहिलेलं. बिलांची फाईल आख्खी चाळली, बेल्ट कधीच बदललेला नाही. आणि हे इंजिन अशा बनावटीचं की बेल्ट तुटला तर वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर जाऊन आपटतो, व्हॉल्व्ह वाकतात, मग हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग उघडा, आणि तो खर्च जुन्या गाडीच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो. बेल्ट आणि त्याबरोबर वॉटर पंप, ०.८. म्हणजे एसीची कुरकुर सगळ्यांना ऐकू येत होती आणि सगळ्यात धोक्याची गोष्ट आवाज न करता फिरत होती! असो. एकूण ६.८, धरा ७.

दादा लगेच म्हणाला, १४ च्या गाडीवर ७ कशाला घालू, निम्मी किंमत झाली. हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय आणि दरवेळी मला वाटतं की भागाकारच चुकीचा केलाय. दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीला भागून काय मिळणार? तो भागायचा तर गाडी न दुरुस्त करता जो दुसरा रस्ता धरणार त्याच्या खर्चाला. आणि दुसऱ्या रस्त्याचा खर्च कुणी काढलाच नव्हता, फक्त ईएमआय विचारला होता.

तर तो काढला. तीन वर्षांचा काळ धरला.

जुनी ठेवली तर: आज आहे त्या अवस्थेत बाहेर विकली तर १६ येतात, तीन वर्षांनी ९ येतील असं धरू, घसारा ७. आताची दुरुस्ती ७. पुढची देखभाल वर्षाला अडीच, जुन्या गाडीत काहीतरी निघतंच, म्हणजे साडेसात. विमा वर्षाला १, म्हणजे ३. बेरीज साडेचोवीस.

नवी घेतली तर: बोनस वजा जाता ९७ ला पडली, तीन वर्षांनी ६० ला जाईल असं धरू, घसारा ३७. नव्या गाडीची किंमत पहिल्या वर्षात सगळ्यात जोरात पडते, हे कुठल्याही बाजारात थोड्याफार फरकाने तसंच. विमा वर्षाला ३, म्हणजे ९. सर्व्हिसिंग ३. व्याज, ७० च्या लोनवर साडेनऊ टक्के, पाच वर्षांची मुदत, तर पहिल्या तीन वर्षांतच १५ च्या आसपास जातं. बेरीज ६४. नवं इंजिन कमी पेट्रोल पितं ते धरून साडेतीन वजा. साठच्या थोडं वर.

साडेचोवीस आणि साठ. म्हणजे नवी गाडी वर्षाला जवळपास १२ ने महाग, तीही सगळी दुरुस्ती जुन्या गाडीच्या खात्यात टाकून. "हिच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही" हे वाक्य इथे संपलं. उरला प्रश्न असा की वर्षाला १२ देऊन आपण नक्की काय विकत घेतोय, आणि ते आपल्याला हवंय का.

शोरूमच्या कागदाकडे जरा वळतो, कारण तिथे गंमत होती. दादाला पहिला प्रश्न विचारला गेला होता, "महिन्याला किती जमेल सर?" या प्रश्नाला उत्तर देऊच नये. जुन्या गाडीची किंमत, नव्या गाडीची किंमत आणि लोन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि महिन्याच्या हप्त्यात तिन्ही विरघळून जातात, कुठे काय वाढलं ते कळत नाही. दादा म्हणाला होता हप्ता जड वाटतोय, तर लगेच पाचाची मुदत सात वर्षं झाली, हप्ता १.४७ वरून १.१४ वर आला, दादा खूश. एकूण व्याज १८ चं २६ झालं ते कुठेच ठळक लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या एका फायनान्सच्या कागदावर तर "फक्त ७ टक्के" होतं आणि खाली बारीक अक्षरात फ्लॅट. फ्लॅट म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत आलात तरी व्याज शेवटपर्यंत पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर. पाच वर्षांचं ७ टक्के फ्लॅट हे घटत्या शिलकीच्या हिशोबात साडेबारा टक्क्यांच्या घरात जातं. हप्ता लावून बघितला, १.५७. म्हणजे ७ टक्केवालं लोन साडेनऊवाल्यापेक्षा महाग.

आणि बोनस. मी दादाला म्हटलं, तू फोन करून फक्त एवढं विचार की मी जुनी गाडी दिलीच नाही तर नव्यावर किती सूट देणार. बराच वेळ आढेवेढे घेऊन उत्तर आलं, २. म्हणजे ३ च्या बोनसमधला जुन्या गाडीशी संबंध असलेला भाग फक्त १, बाकीचे २ ही नव्या गाडीवरची सूटच, तिला नाव बोनस. त्यामुळे जुन्या गाडीची खरी ऑफर १५. बाहेर विकली तर १६. फरक १. आता या एकासाठी अनोळखी लोकांना टेस्ट ड्राईव्ह द्या, त्यांच्या घासाघीशी ऐका, कागदपत्रांना पळा, हे करायचं का? मी तर नसतं केलं. एक्स्चेंज म्हणजे लूटच असं बोलायची फॅशन आहे पण या केसमध्ये तरी तसं नव्हतं, फक्त आकडे सुटे करून बघायला लागले.

आता या केसमधली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. गाडी बघायला जो माणूस आला होता त्याने फेरी मारली, पॅनलवर पेंटची जाडी मोजायचं यंत्र टेकवलं, किमी बघितले, इंजिन चालू करून धूर बघितला, आणि आकडा सांगितला. दादाने नऊ वर्षांच्या बिलांची फाईल पुढे केली, प्रत्येक ऑइल चेंज वेळेवर, तर त्याने ती उघडलीच नाही. मग दादाने प्रामाणिकपणे सांगितलं की टायमिंग बेल्ट बदललेला नाही. त्याने मान डोलावली आणि आकडा तोच ठेवला! चांगल्या गोष्टीने किंमत चढली नाही, वाईट गोष्टीने उतरली नाही. कारण तो दादाच्या गाडीला किंमत देतच नव्हता, या वयाच्या, या किमीच्या सरासरी गाडीला देत होता. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांचंच उदाहरण घेऊन हे मांडलं होतं, की विकणाऱ्याला गाडीची आतली खबर असते, घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा सरासरी धरून भाव देतो आणि मग चांगल्या गाडीवाले विकायला बाहेरच पडत नाहीत. २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता, त्यात या कामाचा मोठा हात.

याचा आपल्यासाठी सरळ अर्थ असा की तुमची गाडी सरासरीपेक्षा चांगली असेल तर ती बाजारापेक्षा तुमच्याचकडे जास्त किमतीची आहे, आणि सरासरीपेक्षा वाईट असेल तर एक्स्चेंजवाला तुम्हाला तिच्या लायकीपेक्षा जास्त देतोय. म्हणून "किती येतात" याच्या आधी "माझी कुठल्या बाजूची आहे" हे कळायला हवं. आणि ते कळायला शोरूमशीही संबंध नाही आणि दुरुस्तीचं कामही मिळणार नाही अशा तिसऱ्या गॅरेजला पैसे देऊन गाडी दाखवावी. दादाने दाखवली. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) जवळजवळ सारखं, कूलंट कमी होत नाही, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय नाही म्हणजे हेड गॅस्केट ठीक, निळा धूर नाही म्हणजे ऑइल जाळत नाही, लिफ्टवर घेतली तर खाली गंज वरवरचा. म्हणजे सरासरीपेक्षा नक्की चांगली.

मग मी दोघांना बसवून एकच प्रश्न विचारला. समजा ही गाडी तुमची नाही. कुणीतरी १५ ला विकतोय, सगळी बिलं देतोय, तपासणीचा रिपोर्ट हाच, आणि वर ७ घातले की क्लच, एसी, सस्पेन्शन, बेल्ट सगळं नवं. २२ ला घेणार का?

दादा म्हणाला, "डोळे झाकून."

वहिनी म्हणाल्या, "नाही." आणि मग त्यांनी जे सांगितलं ते त्या आधीपासून सांगत होत्या पण बॅटरी आणि एसीच्या गोंधळात कुणी ऐकलं नव्हतं. आता गाडी जास्त करून पुतणी चालवणार. नवीन हात. हायवेने रोज. आणि ही गाडी तेव्हा खालचं व्हेरियंट घेतलेली, पुढे दोन एअरबॅग, एबीएस आहे, बाकी काही नाही. ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल) नाही, साईडच्या एअरबॅग नाहीत.

इथे माझा हिशोब थांबला, कारण हा मुद्दा दुरुस्तीने सुटत नाही. क्लच नवा टाकता येतो, ईएससी बाहेरून बसवून मिळत नाही. ओल्या वळणावर किंवा अचानक स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी घसरायला लागली की ईएससी एकेका चाकाचा ब्रेक स्वतः दाबून तिला ओळीत आणतं, आणि नवख्या ड्रायव्हरची गडबड नेमकी तिथेच होते. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचं आहे. आयआयएचएस या अमेरिकी संस्थेच्या अभ्यासात ईएससीमुळे एकट्या गाडीच्या जीवघेण्या अपघाताचा धोका साधारण निम्म्यावर आल्याचं दिसलं. एवढा मोठा फरक करणारी दुसरी गोष्ट आठवायची तर सीटबेल्टकडे जावं लागेल.

दादाचं म्हणणं पडलं की मग नवीच घेऊ, ठरलं. तर तसंही नाही. वहिनींना ईएससी आणि सहा एअरबॅग हव्यात, नव्याचा वास नकोय. मग तिसरा रस्ता, तीन वर्षं जुनी. पहिल्या मालकाने सगळ्यात जोराचा घसारा सोसलेला, किंमत ६२, तीन वर्षांनी ४० धरा, घसारा २२, देखभाल ६, विमा ६, जुन्या गाडीचं लोन महाग असतं म्हणून १२ टक्क्यांनी व्याज ९, पेट्रोलची बचत ३ वजा, एकूण ४०. जुनीपेक्षा वर्षाला ५ जास्त, नवीपेक्षा ७ कमी. वहिनींना हवं होतं ते बारा ऐवजी पाचात.

पण आता उलटं झालं होतं. आतापर्यंत आतली खबर दादाकडे होती, आता ती समोरच्याकडे. पहिली गाडी दिसायला झकास, मीटर २८ हजार किमी. टायर बघितले. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ चा २३ वा आठवडा. चारही टायर गाडीपेक्षा दोन वर्षांनी नवे. २८ हजारात चार टायर कोण बदलतं? शिवाय ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झिजलेलं. मग ओबीडीच्या, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचायच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावला, एरर कोड एकही नाही, पण आतले सगळे तपासणी मॉनिटर "अपूर्ण" दाखवत होते. म्हणजे नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढून लावलीय, आणि गाडीने स्वतःची तपासणी अजून पूर्ण केलेली नाही. विक्रेता म्हणाला बॅटरी नवीन टाकलीय. असेलही. आम्ही म्हटलं ठीक आहे, तुम्ही आठवडाभर वापरा, मग परत बघतो. परत फोन आला नाही.

दुसरी जी मिळाली ती रंगाने कुणालाच आवडली नाही, पण पहिल्या मालकापासूनचं सर्व्हिस रेकॉर्ड सलग, टायर गाडीच्याच वयाचे आणि झीजही त्या किमीला शोभेल अशी, बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा नाहीत म्हणजे ठोकून बॉनेट बदललेलं नाही, मॉनिटर सगळे पूर्ण. त्याच गॅरेजला दाखवली. ६१ ला ठरली. दादाची जुनी गाडी ही विकणाऱ्यालाच १५ ला दिली, १३ रोख, ३३ चं लोन, आणि दादाने मुदत पाच ऐवजी तीनच वर्षं घेतली, हप्ता १.१ च्या आसपास बसला, म्हणजे शोरूमच्या पाच वर्षांच्या हप्त्यापेक्षा कमीच.

जुन्या गाडीचा क्लच देण्याआधी करू का, असं दादा विचारत होता, कमीत कमी चांगली तरी दिसेल म्हणून. अजिबात नाही! एकदा द्यायची ठरली की तिच्यावर घातलेले २.२ किमतीत परत येत नाहीत, वर बघितलंच की आकडा सरासरीचा असतो. दुरुस्ती ठेवायच्या गाडीची करायची, म्हणून निर्णय आधी आणि गॅरेज नंतर. धुवून पुसून, आतून साफ करून दिली एवढंच.

देताना मात्र दोन-तीन गोष्टी लोक विसरतात. म्युझिक सिस्टिममधून फोनचे कॉन्टॅक्ट आणि घराचा पत्ता पुसणे, टोलचा टॅग काढून खातं बंद करणे, विम्यातला नो क्लेम बोनस नव्या गाडीवर घेता येत असेल तर तो मागणे. आणि मालकीचं नाव बदलल्याचा कागद हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडायचा नाही, कारण नाव बदललं नाही तोवर त्या गाडीचे दंड तुमच्याच पत्त्यावर येणार. दादाला तो कागद मिळायला उशीर लागला, मधे दोनदा "सिस्टिम डाऊन आहे" ऐकावं लागलं, म्हणून डिलिव्हरीच्या वेळी तारीख आणि वेळ टाकून सही घेतलेली पावती त्याने जपून ठेवली होती.

पुतणीला एसी मिळाला.